बोन्सायच्या गावाबद्दल

प्रिय मंदार,

बोन्साय म्हणजे झाडाचा छळ, हे तू पुन्हा ठणकावून लिहिलंयस. म्हणून आज मुद्दाम ओमियाबद्दल लिहितो.

टोकियोच्या उत्तरेला, सैतामा शहरात हा भाग आहे. 1923च्या कांतो भूकंपानंतर टोकियोतले बोन्सायवाले मोकळी जागा, चांगलं पाणी नि हवा शोधत इकडे आले, आणि 1925 साली वस्ती उभी राहिली. त्यांचे नियम ऐक: घरी किमान दहा बोन्साय हवेत, फाटक सगळ्यांना उघडं, घर दुमजली नको, कुंपण झाडांचंच. तुमच्या सोसायटीच्या सभेत मांडून बघ असला ठराव! एके काळी तीसेक नर्सऱ्या होत्या, आता बोटांवर मोजण्याइतक्या.

नर्सरी म्हटलं की तुला विक्रीच आठवणार. पण इथल्या बाकांवरची कितीतरी झाडं विकायची नसतातच. गिऱ्हाइकांनी सांभाळायला ठेवलेली असतात. मालक अधूनमधून येऊन बघून जातो. रोजचं पाणी, फांद्यांना वळण द्यायला तार, छाटणी, काही वर्षांनी माती बदलणं, सगळं नर्सरीवाल्याकडे. मालक वारतो, झाड दुसऱ्याच्या नावावर होतं, देखभाल चालूच. उथळ कुंडीत माती ती केवढी! भर उन्हाळ्यात एक दिवस पाणी चुकलं, तर शंभर वर्षांची मेहनत वाळून जायची. म्हणूनच ‘पाणी घालायला शिकायचं तर तीन वर्षं’ असं हे लोक म्हणतात. शिकाऊ मुलगा उस्तादाकडे पाच-सहा वर्षं राबतो.

हिरोशिमाच्या यामाकी कुटुंबाच्या नर्सरीत एक पांढरा पाइन होता, 1625पासून, म्हणजे शिवजन्माच्याही आधीपासून जोपासलेला. 1945 साली अणुबॉम्ब पडला तो तीनेक किलोमीटरवर; झाड भिंतीच्या आडोशाने वाचलं. 1976 साली मासारू यामाकींनी ते अमेरिकेला भेट दिलं! 2001मध्ये त्यांचे नातू वॉशिंग्टनला ते बघायला गेले, तेव्हा कुठे ही हकीकत सर्वांपुढे आली. चारशे वर्षं कुणी छळ करत बसतं का रे?

2010 साली सरकारी संग्रहालयही झालंय इथे. छान आहे, पण तिथल्या झाडांना हात लावणारा माणूस अखेर नर्सरीतच घडतो, आणि त्याच कमी होताहेत.

मेच्या 3 ते 5 तारखांना इथे बोन्साय महोत्सव असतो. तिकिटं आत्ताच बघून ठेव. बहुतेक नर्सऱ्यांत फोटो काढू देत नाहीत, तेव्हा कॅमेऱ्याचं ओझं आणू नकोस. त्याऐवजी भाजणी आण.

तुझा,
श्रीकांत