अगस्ती डोक्यावर

जहाजावरून, २१ फेब्रुवारी

तीर्थरूप आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

हे पत्र माँटेव्हिडिओला पोस्टात टाकणार आहे, म्हणजे ते साताऱ्याला पोचायच्या आधी बहुतेक मीच पोचेन. तरी लिहितेय. फोनवर बाबांना निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं निम्मं तू मधेच तोडतेस, आई. शिवाय इथलं इंटरनेट इतकं महाग आहे की चालू करायला हात धजत नाही.

तब्येत उत्तम आहे. तुझे डोळे आधी हेच शोधणार, म्हणून वरच लिहिलं.

एक रात्र मात्र वाईट गेली. चिलीचा दक्षिण किनारा म्हणजे बेटांचा चुरा. त्यामुळे जहाज बेटांच्या आडोशाने, खाडीतून चालल्यासारखं निवांत चालतं. पण मधे एक आखात लागतं, गोल्फो दे पेनास, म्हणजे दुःखांचं आखात. तिथे आडोसा संपतो आणि उघडा पॅसिफिक थेट अंगावर येतो. संध्याकाळी बघितलं तर बोळातल्या कठड्यांना जागोजागी कागदी पिशव्या खोचून ठेवलेल्या. कशासाठी ते तासाभरात कळलं. कपाटातले हँगर रात्रभर एकमेकांवर आपटत होते. जहाजवाले अशा वेळी हिरवी सफरचंदं आणि खारी बिस्किटं वाटतात. मी तू दिलेला आलेपाक चघळत पडून राहिले, आणि गंमत नाही, त्यानेच निभावलं. (मेथीदाणे मात्र चिलीत उतरल्या उतरल्या गेले. बी-बियाणं देशात आणू देत नाहीत. मी फॉर्मवर खरं काय ते लिहिलं होतं, त्यामुळे दंड नाही झाला. मेतकूट त्यांनी हुंगलं आणि परत दिलं.)

त्या रात्री शेजारचा पलंग रिकामा होता. तो सगळे दिवस रिकामाच आहे. जहाजावर एकट्या माणसाला खोलीचे जवळजवळ दोघांचे पैसे भरावे लागतात, हे मी तुम्हाला मुद्दाम सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर बाबा म्हणाले असते, मग जाऊच नकोस. पण खरं तर सांगायचं होतं ते उलट्या बाजूने: तुमच्यापैकी एकाच्या जागेचे पैसे तसेही भरलेले होते. तुम्ही दोघं एकमेकांना सोडून येणार नाही, हेही माहीत होतं. मी त्या पलंगावर स्वेटर वाळत घालते.

आई, तुला सांगण्यासारखी गोष्ट चिलोए बेटावर सापडली. कास्त्रो गावात घरं पाण्यात लाकडी खांबांवर उभी आहेत आणि बाजारात बटाट्यांचे ढीग. जांभळे, काळपट, गाठीगाठींचे, बोटासारखे लांबुडके. आज जगभर पिकणाऱ्या बहुतेक बटाट्यांचं मूळ याच भागातल्या जातींत सापडतं. इथे त्यांना ‘पापा’ म्हणतात, आपला ‘बटाटा’ शब्द पोर्तुगीजांकडून आलेला. बाजारातल्या बाईकडून एक जांभळा कापून घेतला, आत पांढऱ्यावर जांभळी नक्षी, बिटाची कोर असावी तशी. मग पायरीवर बसून मी तुझी खिचडी मोजली. साबुदाणा ज्या कंदाचा करतात तो या खंडातला. शेंगदाणे या खंडातले. बटाटा हा असा समोर. मिरचीसुद्धा याच बाजूची, अमेरिकेकडून आलेली. महाशिवरात्रीला तू देवापुढे ठेवतेस त्या ताटलीत अस्सल आपलं काय, तर जिरं आणि तूप, आणि जिऱ्याचीही खात्री देत नाही. तरी तू कांद्याला शिवू देत नाहीस.

आता बाबा.

सातवी ‘ब’च्या फळ्यावर तुम्ही दक्षिण अमेरिका न बघता काढायचात. ब्राझीलचा फुगवटा एका झटक्यात, पश्चिमेचा किनारा वरून खाली सरळ, आणि खाली आलात की खडू आडवा धरून नुसते ठिपके ठिपके सोडून द्यायचात. आम्हाला वाटायचं, सरांना कंटाळा आला. बाबा, ते ठिपके बरोबर होते! चार दिवस मी तुमच्या ठिपक्यांमधून फिरले. धुकं, काळे कडे, कड्यांवरून सुटलेल्या पाण्याच्या दोऱ्या, सह्याद्रीत श्रावणात असतात तशाच, फक्त वर हिरव्याऐवजी बर्फ. बीगल खाडीत तर एकामागून एक हिमनद्या उतरलेल्या, आणि त्यांना नावं देशांची: इटली, फ्रान्स, जर्मनी, हॉलंड. हिमनदीचा निळा मी आधी कधी पाहिला नव्हता. धुण्याला जास्त नीळ पडली की धोतराला यायचा, तो.

पण दोन चुका काढल्याशिवाय राहवत नाही. केप हॉर्न म्हणजे खंडाचं टोक, असं तुम्ही शिकवलंत. ते टोक नाही, बेट आहे. सलग जमीन मॅगेलनच्या सामुद्रधुनीवर केप फ्रॉवर्डला संपते, ते पहाटे गेलं आणि डेकवर आम्ही पाचच जण होतो. आणि हॉर्न म्हणजे शिंग नव्हे. १६१६ साली जे डच तिथून गेले, त्यांनी आपल्या होर्न गावाचं नाव दिलं. फळा पुसून पुन्हा लिहा.

पुंता अरेनास हे त्या सामुद्रधुनीवरचं शहर. १९१४ साली पनामा कालवा उघडला आणि इथली वर्दळ ओसरली, त्याआधी पुष्कळ जहाजं याच दाराने जायची. चौकात मॅगेलनचा पुतळा आहे आणि त्याच्या पायाशी इथला एक मूळ रहिवासी बसवलाय. त्याच्या पायाच्या अंगठ्याला हात लावला की माणूस परत येतो म्हणे, त्यामुळे बाकी पुतळा काळा आणि अंगठा पितळेच्या पळीसारखा लखलखीत. रांगेत उभी राहून मीही लावला. नंतर संग्रहालयात वाचलं की समोरच्या बेटावरच्या सेल्कनाम लोकांना मेंढपाळीवाल्या जमीनदारांनी डोक्यामागे पैसे लावून मारवलं होतं. चौकाभोवतालचे ते देखणे वाडे लोकरीच्याच पैशांचे. तो अंगठा नंतर दिवसभर बोटाला लागून राहिला. पुढे बीगल खाडीत पुएर्तो विल्यम्स हे गाव दिसलं. तिथल्या यागान भाषेत वाढलेली शेवटची बाई, क्रिस्तिना काल्देरोन, २०२२ साली गेली. जहाजावरच्या व्याख्यानात हे एका वाक्यात उरकलं आणि पुढची स्लाइड पेंग्विनची होती.

त्याच दिवसांतली एक रात्र स्वच्छ निघाली. अमावास्येच्या आसपासची, चंद्र नाही. अकराच्या सुमाराला स्वेटरवर स्वेटर चढवून वर गेले. आधी मृग शोधला, तर तो उत्तरेला, चारी पाय वर करून उलटा. व्याध त्याच्या खाली नाही, वर! मला दिशाच कळेनात. मग तुम्ही शिकवलंत तसं व्याधावरून पुढे जात राहिले, आणि मान मागे टाकत टाकत शेवटी डेकवरच्या खुर्चीत आडवी झाले. अगस्ती बरोबर डोक्यावर होता. आपल्या गच्चीवरून तो अजिंक्यतारा किल्ल्याच्या जेमतेम वर दिसतो, मिणमिणता, धुरळ्यात. तुम्ही म्हणायचात, हा ऋषी दक्षिणेला गेला तो परतलाच नाही, विंध्य अजून वाकून वाट बघतोय. गेला कुठे ते सापडलं, बाबा. इथे त्याचा रुबाब काही वेगळाच आहे. खाली सगळं काळं पाणी, आणि वर तो, आचमनात समुद्र पिऊन टाकणारा. मी पुष्कळ वेळ बघत राहिले. तेवढ्यात मान अवघडली.

हॉर्नला मात्र त्याने तो समुद्र प्यायलेला दिसला नाही. ५६ अंश दक्षिणेला पश्चिमेचा वारा पृथ्वीभोवती फिरतो तो कुठे जमीनच आडवी येत नाही, आणि तिथे खोल समुद्राचा तळ एकाएकी वर चढतो, म्हणून लाटा उभ्या राहतात. मोठी जहाजं तिथे माणसं उतरवत नाहीत, लांबून वळसा घालतात. करडा, फाटका कडा. बेटावर अल्बाट्रॉस पक्ष्याचं शिल्प आहे, बुडालेल्या खलाशांसाठी, ते दुर्बिणीतून नखाएवढं दिसलं. आणि आई, तिथे दीपगृहावर चिलीच्या नौदलातला एक माणूस बायकामुलांसकट वर्षभर राहतो. मी लगेच मनात म्हटलं, तू विचारशील, दूध कुठून आणतात.

फॉकलंडला उतरताच आलं नाही. स्टॅन्लेच्या धक्क्याला मोठं जहाज लागत नाही, छोट्या बोटींनी जावं लागतं, आणि वाऱ्यामुळे कप्तानाने बोटी सोडल्या नाहीत. देवमाशाच्या जबड्याच्या हाडांची कमान बघायची होती, ती राहिली. मी चिडून खोलीत बसले होते, तर आमच्या मजल्यावरचा पोरगा डाळभात घेऊन आला. तो काणकोणचा. गोव्यात या लोकांना तारवटी म्हणतात, वर्षातले कितीतरी महिने समुद्रावरच. खलाशांच्या जेवणघरात रोज भात-आमटी असते, हे मला बाराव्या दिवशी कळलं, तोवर मी पास्ता गिळत होते! रिकाम्या पलंगावरचा स्वेटर बघून त्याने विचारलं, दुसरं माणूस आलं नाही का. म्हटलं, नाही, गुडघे. तो म्हणाला, माझ्या आईचेही.

शंका आली असेल म्हणून सांगते, तुम्हाला इतक्या लांब आणायचा हट्ट मी सोडलाय. पण मार्चमध्ये तिन्हीसांज सरली की अगस्ती दक्षिणेला किल्ल्याच्या वर असेल. एकदा बघा. गच्चीचा जिना बाबांनी एकट्याने चढायचा नाही, शेजारच्या पोराला हाक मारा, आणि आईने खाली उभं राहून सूचना द्यायच्या नाहीत.

रक्तदाबाची गोळी रात्रीची नाही, सकाळची. डबीवर मी लाल पेनाने लिहिलंय.

तुमची,
बेबी