गाणे अपलोड करण्याआधी नाव आणि कागद

मा. संपादक,
स. न. वि. वि.

माझ्याकडे दहा वर्षे गाणे शिकलेल्या एका विद्यार्थिनीने गेल्या वर्षी तुकोबांच्या एका अभंगाला स्वतः चाल लावली, तो ध्वनिमुद्रित केला आणि एका कंपनीमार्फत इंटरनेटवर प्रसिद्ध केला. अभंग लोकांना आवडला. पुढे एका उत्सवात तिने तोच अभंग गायला आणि त्याचे चित्रण आपल्या यूट्यूब चॅनेलवर टाकले, तेव्हा त्यावर त्याच कंपनीने हक्क सांगितल्याची सूचना आली. करार काढून पाहिला, तर फोनच्या पडद्यावर बोटाने सही केलेल्या त्या मजकुरात केवळ ध्वनिमुद्रणच नव्हे, तर चालही कायमस्वरूपी आणि जगभरासाठी लिहून दिलेली होती. तिने तो मजकूर वाचलाच नव्हता. आणि मी, तिचा शिक्षक, तिला षड्ज लावायला शिकवला होता, कागद वाचायला नव्हे. म्हणून हे पत्र तिच्यासारख्या नव्या गायक-वादकांसाठी आहे, तसेच माझ्यासारख्या शिक्षकांसाठीही आहे.

एका गाण्यात कायद्याच्या दृष्टीने अनेक वेगवेगळे हक्क असतात, हे प्रथम समजून घ्यावे. शब्द कवीचे, चाल संगीतकाराची, ध्वनिमुद्रण ज्याने पुढाकार आणि जबाबदारी घेऊन करवून घेतले त्याचे, आणि गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांचा आपल्या सादरीकरणावरचा हक्क आणखी वेगळा. तुकोबांचे शब्द कोणीही गावेत; पण त्याच अभंगाला एखाद्या आधुनिक संगीतकाराने दिलेली चाल त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षे संरक्षित असते. खाडिलकर १९४८ मध्ये गेले, त्यामुळे त्यांची नाट्यपदे आता सर्वांना खुली आहेत. गदिमा १९७७ मध्ये गेले, म्हणून त्यांच्या शब्दांवरील हक्क २०३७ अखेरपर्यंत आहे. जुने म्हणजे मोफत, हा आपल्याकडचा समज महागात पडू शकतो. स्टुडिओचे भाडे आपण भरले असेल आणि उलट करार नसेल, तर ते ध्वनिमुद्रण सहसा आपलेच असते. म्हणून काम संपताच प्रत्येक वाद्याचा आणि आवाजाचा वेगळा ट्रॅक मूळ दर्जात मागून घ्यावा व दोन ठिकाणी जपून ठेवावा. स्टुडिओ बंद पडतात, हार्ड डिस्क बिघडतात, आणि मागाहून मागणाऱ्याला बहुधा एमपीथ्रीच मिळते.

आता कराराविषयी. आपला कॉपीराइट कायदा कलावंताला वाटतो तितका निरुपयोगी नाही. हक्क हस्तांतरित करायचा तर तो लेखीच करावा लागतो. करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते आणि प्रदेश लिहिला नसेल तर तो भारतापुरता मानला जातो. त्यामुळेच तयार छापील मसुद्यांत 'कायमस्वरूपी' आणि 'जगभर' हे दोन शब्द आवर्जून घातलेले असतात, आणि सही करण्यापूर्वी नेमके तेच दोन शब्द शोधून त्यांच्या जागी वर्षांचा आकडा आणि प्रदेशाचे नाव लिहायला सांगावे. नकार मिळाला तरी विचारल्याने काही बिघडत नाही. २०१२ च्या दुरुस्तीनंतर गीतकार आणि संगीतकार यांना रॉयल्टीतील आपला समान वाटा सहसा सोडून देता येत नाही, मग करारात काहीही लिहिलेले असो. ती रॉयल्टी गोळा करण्यासाठी १९६९ मध्ये स्थापन झालेली इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी आहे, मात्र तिथे आपण सभासद होऊन आपली गाणी नोंदवली असली तरच तिचा उपयोग. अलीकडच्या मसुद्यांत गायकाचा आवाज कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी वापरण्याची मुभा मागणारे वाक्यही कुठेतरी असू शकते. अरिजित सिंग यांच्या आवाजाची अशी नक्कल करण्यास मुंबई उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये अंतरिम मनाई केली. पण आपण स्वतःच सही करून परवानगी दिली, तर न्यायालयात काय सांगणार?

कागदाइतकेच महत्त्व नावाला आहे. १९०२ च्या नोव्हेंबरमध्ये कलकत्त्यात गायिका गौहरजान यांचे ध्वनिमुद्रण झाले, तेव्हा तीन मिनिटांत गाणे आटोपून शेवटी त्या इंग्रजीत आपले नाव उच्चारत, कारण मेणाच्या तबकड्या जर्मनीतील हॅनोव्हरला जात आणि तिथल्या कारागिरांना गाणारी कोण हे कळायला दुसरा मार्ग नसे. आज ते काम अपलोड करतानाचा फॉर्म करतो, आणि आपण तो रात्री अकरा वाजता घाईघाईने भरतो. गायिकेचे नाव एकदा 'शास्त्री', एकदा 'शास्त्री जोशी' असे पडले की गाणी ऐकवणाऱ्या अ‍ॅपवर एकाच व्यक्तीची दोन पाने तयार होतात. तबला आणि हार्मोनियमवाल्यांची नावे तर पुष्कळदा नसतातच; खरे तर सादरकर्ता म्हणून नाव लागणे हा त्यांचा कायदेशीर हक्क आहे. प्रत्येक ध्वनिमुद्रणाला आयएसआरसी हा बारा अक्षर-अंकी क्रमांक मिळतो. तो वहीत लिहून ठेवावा. गाणे इंटरनेटवर पोहोचवणारी कंपनी, म्हणजे वितरक, बदलायची वेळ आली आणि तोच क्रमांक पुन्हा दिला, तर आधीच्या श्रोत्यांचा हिशेब सहसा टिकतो. वार्षिक शुल्क घेणारे काही वितरक शुल्क थकल्यावर गाणे काढून टाकतात, हेही आधीच विचारून घ्यावे.

पैशाच्या अपेक्षेविषयी दोनच वाक्ये. स्पॉटिफायवर २०२४ पासून बारा महिन्यांत एक हजारांहून कमी वेळा ऐकल्या गेलेल्या गाण्याला काहीच मिळत नाही, आणि यूट्यूबवरच्या जाहिरातींतील वाट्यासाठी एक हजार सबस्क्रायबर आणि वर्षभरात चार हजार तासांचे प्रेक्षण (किंवा नव्वद दिवसांत शॉर्ट्सचे एक कोटी दर्शन) लागते. तेव्हा शिकवण्या, संगत आणि मैफली हीच अनेकांची मिळकत राहील, आणि इंटरनेट हे त्यांच्यासाठी ओळखपत्र ठरेल.

त्या शिकवण्याही आता परदेशांतल्या मराठी घरांपर्यंत जातात. तिथे एक अडचण मला पहिल्याच आठवड्यात कळली, आणि तंबोऱ्यांसाठी नावाजलेल्या मिरजेत राहून ती कळावी याचे मला हसू आले: व्हिडिओ कॉलमधली आवाज स्वच्छ करणारी सोय तंबोऱ्याच्या अखंड नादाला पंख्याची घरघर समजून पुसून टाकते. झूमवर 'ओरिजिनल साउंड' सुरू केले की तंबोरा परत येतो. दोघांनी एकत्र गाणे मात्र विलंबामुळे जमत नाही. आधी शिक्षकाने, मग विद्यार्थ्याने, असेच करावे लागते.

विशारदपर्यंत आलेले माझे विद्यार्थी रागांचा समय आणि तालांचे ठेके अस्खलित सांगतात, पण स्वतःच्या गाण्याचा मालक कोण हे सांगताना अडखळतात. संगीताच्या परीक्षा घेणाऱ्या संस्थांनी या विषयावर एखादा तास ठेवावा आणि प्रत्यक्ष करार वाचून दाखवावा, अशी माझी विनंती आहे. मी माझ्या वर्गात तसे सुरू केले आहे. त्या विद्यार्थिनीचे दुसरे ध्वनिमुद्रण गेल्या महिन्यातच तयार झाले. तबल्याच्या साथीदाराचे आडनाव फॉर्ममध्ये चुकीचे पडले असल्याने ते दुरुस्त होईपर्यंत तिने गाणे थांबवून ठेवले आहे.

आपला,
एक संगीत शिक्षक, मिरज