सिस्टर, बॅग आता उजव्या बाजूला असते

सिस्टर, सप्रेम नमस्कार.

परळच्या स्टोमा क्लिनिकमध्ये तुमच्यासमोरून रोज इतके पेशंट जातात की नावाने मी आठवणार नाही. 'एस.टी.तले कंडक्टर काका' म्हटलं की आठवेन.

मार्च 2023. गुदाशयाचा कॅन्सर, पाच आठवडे लाईट (रेडिएशन) घेऊन झालेली. तेव्हा दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत मुक्काम होता. आता ऑपरेशन, त्यात गुदद्वार बंद करणार, आतड्याचं तोंड, म्हणजे स्टोमा, पोटावर काढणार आणि त्यावर कायमची पिशवी येणार, हे डॉक्टरांनी नीट समजावलं होतं. माझ्या डोक्यात मात्र एकच, की नोकरी संपली. पोटाला पिशवी लावून भरल्या गाडीत तिकिटं कोण फाडतं? घरी हे बोललो नव्हतो. मुलगी बारावीला होती.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी तुम्ही पेन घेऊन आलात. स्टोमा कुठे येणार त्याची पोटावर खूण करायची म्हणालात. पहिलाच प्रश्न, "काका, तिकिटांची बॅग कुठल्या बाजूला असते?" मी म्हटलं, डावीकडे. तुम्ही स्वतःची पर्स माझ्या खांद्याला अडकवलीत आणि म्हणालात, "आता तिकीट द्या मला." त्या वॉर्डात, लेडीज पर्स अडकवून, मी वाकून तिकीट दिल्यासारखं केलं. मग घंटीची दोरी ओढल्यासारखा हात वर केला. मग बसलो, उठलो, पुन्हा वाकलो. दर वेळी तुम्ही पोटावरच्या घड्या बघत होतात. पँटचा पट्टा कुठे येतो ते बघितलंत. दोनदा खूण पुसलीत आणि तिसऱ्यांदा बेंबीच्या खाली, डावीकडे, घडी सोडून ठिपका काढलात. "मान वाकवली की तुम्हाला दिसला पाहिजे, रोज तुम्हालाच साफ करायचाय," म्हणालात. "आणि बॅग उद्यापासून उजव्या बाजूला घ्यायची सवय करा."

कामावर जाता येईल का, हे मला विचारायचं धाडस होत नव्हतं. तुम्ही तर मी जाणार असंच धरून चालला होतात. सिस्टर, त्या रात्री मी झोपलो.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. स्टोमा पहिल्यांदा बघितला तेव्हा घाबरलो होतो, लालभडक, ओला. पुसताना जरासं रक्त आलं तर हात थरथरला. तिथे दुखत नाही, संवेदनाच नसते, हे तुम्ही बोट लावून दाखवलंत. केमो संपली, नोव्हेंबरात फिटनेस मिळालं. आधी तीन महिने चौकशी खिडकीवर बसलो आणि फेब्रुवारीत कोल्हापूर–गगनबावडा गाडीवर गेलो. साहेबांनी आणि ड्रायव्हर मित्राने सांभाळून घेतलं. म्हाताऱ्यांच्या पाट्या, पोती उचलून द्यायची माझी जुनी खोड. आता तो उचलतो. हर्निया होईल म्हणून तुम्ही भरलेला दम मी त्याला जसाच्या तसा ऐकवलाय.

मे महिन्यात मात्र कळे गावाच्या पुढे गाडीतच पिशवी सुटली. शर्टाखाली गरम लागलं आणि लगेच वास. गाडी भरलेली. एका बाईंनी पदर नाकाला लावला, त्यांचं काहीच चुकलं नाही, पण मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. गगनबावड्याला उतरून धुतलं, बदललं आणि स्टँडच्या मागे उभा राहून तुम्हाला फोन लावला. बोलता येत नव्हतं. तुम्ही रडू दिलंत. मग विचारलंत, "प्लेट कितवा दिवस?" पिशवी पोटाला धरून ठेवणारी ती चिकट प्लेट लावून पाचवा दिवस होता. "घामाने सुटली. उन्हाळ्यात तिसऱ्या दिवशी बदलायची. आणि एक तृतीयांश भरली की रिकामी करायची, मुक्कामाची वाट बघायची नाही." एवढंच. परतीच्या फेरीला मी गाडीत होतो.

जूनमध्ये डॉक्टरांना विचारून तुम्ही इरिगेशन, म्हणजे स्टोमातून पाणी सोडून पोट साफ करायचं, शिकवलंत. पहाटे साडेचारला उठतो. पाण्याची पिशवी खांद्याच्या उंचीला खुंटीवर, कोमट पाणी सावकाश आत, मग तासभर बसायचं. दिवसभर पोट जवळजवळ शांत राहतं, छोटी पिशवी पुरते. खर्चही कमी झाला, हे आमच्यासारख्या घराला किती मोठं आहे ते वेगळं सांगायला नको. ड्युटी असली की कांदा, कोबी नाही. ताक दोन वेळा. पत्र्याच्या पेटीत वे-बिलाशेजारी एक डबा असतो. त्यात भोक कापून ठेवलेल्या दोन प्लेटा, पिशव्या, जुन्या धोतराचे धुतलेले तुकडे. डबा बायको भरते, मी एकदा मोजतो.

उद्या मुक्कामी गाडी आहे, आजारपणानंतरची पहिली. गावात शाळेजवळ संडास आहे, पाणी आहे, मागच्या आठवड्यात जाऊन बघून आलो.

निघताना तुम्ही म्हणाला होतात, कामावर गेलात की गणवेशातला फोटो पाठवा. लाजेने राहिला होता. सोबत पाठवतोय, मुलीने डेपोत येऊन काढलाय. बॅग उजवीकडे आहे, बघा.

तुमचा,
कंडक्टर काका