मार्चअखेरपर्यंत इथेच आहे

मनाली, ६ जानेवारी

तीर्थरूप आई-बाबांस साष्टांग नमस्कार.

संक्रांतीला येत नाही हे फोनवर सांगायचा धीर झाला नाही, म्हणून लिहितेय. मार्चअखेरपर्यंत इथेच राहायचं ठरवलंय आणि इथे तसं कळवूनही टाकलंय. आई, लगेच डोळ्यांना पदर लावू नकोस. आधी पुढचं वाच.

अटल बोगद्यापलीकडच्या लाहौल खोऱ्यातल्या दवाखान्यांत औषधं पोचवायची गाडी आता मीच चालवतेय. आमचे ड्रायव्हरदादा हिवाळ्यात गावी जातात, दुसरं कोणी नाही. बीपीच्या गोळ्या संपतात ती माणसं तुमच्याच वयाची आहेत. बाबा, तुमची गोळ्यांची पट्टी एक दिवस संपली तर मी किती आरडाओरडा करते, आठवतं ना? मग नाही कसं म्हणू?

गाडी थार आहे, आपल्या नाशिकच्या प्लांटमधली. बाबा, ती तुमच्या निवृत्तीनंतर तिथे बनलेली, तरी सकाळी बॉनेटवर हात ठेवला की घरचं कुणी सोबत असल्यासारखं वाटतं.

तुमच्यापासून लपवत नाही. पहिल्याच आठवड्यात सोलंगच्या पुढे गाडी थोडी सरकली आणि बर्फाच्या ढिगाला टेकून थांबली. मला आणि गाडीला काहीही झालं नाही. फोर-बाय-फोर आहे म्हणून मी निर्धास्त होते, ती चूक. चारही चाकं ओढतात म्हणून गाडी बर्फातून निघते, पण थांबताना ती इतर गाड्यांसारखीच घसरते. आता पुढच्या गाडीपासून भरपूर अंतर ठेवते. घसरायला लागली तर ॲक्सिलरेटर सोडून, जिकडे जायचंय तिकडे स्टिअरिंग हळू वळवायचं.

उतारावर तर, बाबा, तुमचा कसारा घाटच उपयोगी पडतो. ‘ज्या गियरमध्ये घाट चढलीस, त्याच गियरमध्ये उतर,’ असं किती वेळा ऐकवलंत! इथे बर्फाच्या उतारावर फोर-लो, म्हणजे चारही चाकांना कमी वेगात जास्त जोर, पहिला गियर, आणि इंजिनच गाडीला धरून ठेवतं. तेव्हा तुम्ही शेजारी बसलेले असता.

ताज्या बर्फाची मला तेवढी भीती नाही. पुलांवर आणि सावलीतल्या वळणांवर काचेसारखा थर जमतो, तो नुसत्या ओल्या डांबरासारखा दिसतो. म्हणून दहाच्या आधी निघत नाही आणि चारला परत फिरते. अटल बोगदा नऊ किलोमीटरचा आहे. आत रस्ता कोरडा असला की लिव्हर टू-एचवर, म्हणजे दोनच चाकांवर, आणते, कारण कोरड्या रस्त्यावर फोर-एचमध्ये, म्हणजे चारही चाकांवर, वळणांवर टायरला आणि गियरला ताण बसतो. पलीकडे तोंडाशीच निसरडं असतं, म्हणून बाहेर पडायच्या आधी वेग कमी करते.

गाडीत चाकांना लावायच्या चेन, फावडं, थर्मास आणि आईची गोधडी असते. कुठे अडकलेच तर आधी सायलेन्सरच्या तोंडाचा बर्फ काढायचा, नाहीतर धूर आत शिरतो. रात्री हँडब्रेक गोठू नये म्हणून तो ओढत नाही. गाडी पहिल्या गियरमध्ये ठेवून चाकांना दगड लावते.

आई, खोलीत लाकडाचा तंदूर आहे, मोजे त्यावरच वाळतात. घरमालकीण तूप घालून सिड्डू, म्हणजे इकडची वाफवलेली भाकरी, खाऊ घालते, पण ताप आला की मला तुझा मेतकूट-भातच हवा असतो. लहानपणी तू पायांना तेल चोळायचीस, मला झोप लागली तरी थांबायची नाहीस. परवा बोटं बधिर झाली तेव्हा तेच आठवलं.

आता माझं ऐका. बाबा, निफाडचा पारा उतरला की पहाटे गोदाकाठी गंगेवर जायचं नाही. ऊन आल्यावर जा, कानटोपी घालून. आई, बादली उचलायची नाही, गुडघ्याचा पट्टा लाव, तो कपाटात ठेवायला आणलेला नाही. गोळ्यांचा डबा रविवारी रात्री दोघांनी मिळून भरा.

बोगद्यापलीकडे पोचले की रोज फोन करीन. चारपर्यंत नाही आला तर घाबरू नका, बर्फवृष्टीत रेंज जाते. आणि गुळाच्या पोळ्या दहाच पाठवा, पण कडक भाजलेल्या.

तुमची,
बाळी