इन्स्टॉलरची सोय पहिल्या दिवसापुरती

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पोस्टग्रेससारखे मुक्त डेटाबेस सॉफ्टवेअर आज महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांपासून छोट्या उद्योगांच्या हिशेबांपर्यंत सर्वत्र वापरले जाते. ते बसवताना पडणाऱ्या पहिल्याच प्रश्नाची चर्चा मात्र फारशी होत नाही. ‘नेक्स्ट, नेक्स्ट, फिनिश’ करत नेणारा ग्राफिकल इन्स्टॉलर डाउनलोड करावा, की ऑपरेटिंग सिस्टिमच्या स्वतःच्या पॅकेज मॅनेजरकडून, म्हणजे सॉफ्टवेअर बसवणाऱ्या आणि अद्ययावत ठेवणाऱ्या व्यवस्थेकडून, ते सॉफ्टवेअर मागवावे? डेटाबेस सांभाळणे हाच माझा व्यवसाय असल्याने या प्रश्नावर माझे मत मांडतो. सर्व्हर लिनक्सवर असेल, तर पॅकेज मॅनेजरला पर्याय शोधू नये. डेटाबेस बसवायला अर्धा तास लागतो, पण त्याची देखभाल पुढे पाच-सात वर्षे करावी लागते आणि निवड करताना विचार त्या वर्षांचाच व्हायला हवा.

इन्स्टॉलर लोकप्रिय का आहे, हे समजण्यासारखे आहे. एंटरप्राइझडीबी कंपनीचा पोस्टग्रेस इन्स्टॉलर डेटा कुठे ठेवायचा, पासवर्ड कोणता आणि पोर्ट (सर्व्हरशी संपर्काच्या दाराचा क्रमांक) ५४३२ चालेल का, हे क्रमाने विचारतो आणि शेवटी पीजीअ‍ॅडमिन हे डेटाबेस हाताळण्याचे साधनही हातात देतो. याउलट डेबियन किंवा उबुंटू या लिनक्सच्या वितरणांवर पॅकेज बसवले, की काहीही न विचारता सर्व्हर सुरू होतो. पासवर्ड कुणी विचारलेलाच नसतो, कारण तिथे ‘पोस्टग्रेस’ नावाच्या सिस्टिम वापरकर्त्याची ओळख पटवूनच प्रवेश मिळतो. ही पद्धत माहीत नसलेला नवशिका ‘पीअर ऑथेंटिकेशन फेल्ड’ हा संदेश पाहून बिचकतो आणि इन्स्टॉलर शोधू लागतो. रेड हॅट या दुसऱ्या लिनक्स वितरणाच्या कुळातील सिस्टिमवर तर पॅकेज बसवल्यानंतर डेटा निर्देशिका तयार करण्याची आज्ञा आपणच द्यावी लागते. विंडोजची गोष्ट वेगळी आहे. तिथे इन्स्टॉलर हाच राजमार्ग आहे. विंगेट या विंडोजच्या पॅकेज मॅनेजरने मागवले तरी पडद्यामागे तोच इन्स्टॉलर चालतो, त्यामुळे विंडोज वापरणाऱ्यांनी या पत्राने अस्वस्थ होण्याचे कारण नाही.

लिनक्सवर अडचण सुरू होते ती दुसऱ्या दिवसापासून. लिनक्ससाठीचा जुना इन्स्टॉलर आपले सगळे बिऱ्हाड ‘ऑप्ट’ निर्देशिकेत थाटत असे. सर्व्हर, त्याची साधने आणि लागणाऱ्या लायब्ररी, म्हणजे तयार कोडचे संचसुद्धा तिथेच असतात, आणि सिस्टिमच्या पॅकेज मॅनेजरला या कशाचाच पत्ता नसतो. मग कुणीतरी पीएसक्यूएल हे सर्व्हरशी बोलणारे साधन उबुंटूच्या पॅकेजमधून बसवतो आणि सर्व्हर व्यवस्थित चालू असतानाही ‘सर्व्हर चालू आहे का?’ असा उलट प्रश्न पडद्यावर उमटतो. कारण साधे असते. इन्स्टॉलरने बसवलेल्या सर्व्हरचे सॉकेट, म्हणजे त्याच यंत्रावरून जोडणीची जागा, ‘टेम्प’ निर्देशिकेत तयार होते, तर उबुंटूचे पीएसक्यूएल ते ‘व्हार-रन’खाली शोधते. पुढे नकाशांच्या कामासाठी पोस्टजीआयएस हे पोस्टग्रेसला जोडायचे सॉफ्टवेअर हवे झाले आणि ते पॅकेजमधून मागवले, की पॅकेज मॅनेजर प्रामाणिकपणे त्याच्यासोबत आणखी एक पोस्टग्रेस सर्व्हर आणतो, कारण पहिला त्याच्या यादीत नसतोच. ५४३२ पोर्ट अडलेले दिसल्यावर हा दुसरा सर्व्हर ५४३३ वर मुकाट्याने सुरू होतो. एकाच यंत्रावर दोन सर्व्हर, आणि पोस्टजीआयएस नेमके रिकाम्या सर्व्हरवर, ही अवस्था ज्यांनी निस्तरली आहे, त्यांना याहून अधिक सांगायला नको.

खरा मुद्दा सुरक्षेचा आहे. पोस्टग्रेसच्या प्रत्येक मुख्य आवृत्तीला पाच वर्षे आधार मिळतो आणि दर तीन महिन्यांनी, म्हणजे फेब्रुवारी, मे, ऑगस्ट व नोव्हेंबरमध्ये, दुरुस्त्या येतात. पॅकेज मॅनेजरने बसवलेल्या सर्व्हरला त्या सिस्टिमच्या नेहमीच्या अपडेटसोबत मिळतात. इन्स्टॉलरने बसवलेल्या सर्व्हरसाठी कुणीतरी आठवण ठेवून नवी फाइल उतरवून चालवावी लागते, आणि ती आठवण ठेवणारा माणूस बहुधा नोकरी बदलून गेलेला असतो. सोबत आणलेल्या लायब्ररींचा प्रश्न तर त्याहून अवघड आहे. एप्रिल २०१४ मध्ये ओपनएसएसएल या माहिती सांकेतिक करणाऱ्या लायब्ररीतील ‘हार्टब्लीड’ ही त्रुटी उघड झाली, तेव्हा लिनक्स वितरणांनी आपापल्या ओपनएसएसएलचे दुरुस्त पॅकेज तातडीने दिले. परंतु एखादे सॉफ्टवेअर ओपनएसएसएलची स्वतःची प्रत घेऊन बसले असेल, तर सिस्टिमची दुरुस्ती त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. फेब्रुवारी २०२५ मध्येही असेच घडण्याजोगे होते. पोस्टग्रेसच्या लिबपीक्यू या क्लायंट लायब्ररीतील मजकूर अवतरणात बांधणाऱ्या फंक्शनमध्ये एसक्यूएल इंजेक्शनला, म्हणजे मजकुरातून डेटाबेसला चोरट्या आज्ञा देण्याला, वाव देणारी त्रुटी सापडली आणि १७.३, १६.७ वगैरे आवृत्त्यांत ती बुजवण्यात आली. सिस्टिमची लिबपीक्यू वापरणारे पीएचपी वा पायथनमधील कार्यक्रम एका पॅकेजच्या अपडेटने सुरक्षित झाले. स्वतंत्र प्रत बाळगणारे तसे होत नाहीत, मग ती प्रत इन्स्टॉलरने आणलेली असो वा पायथनच्या ‘पिप’ या पॅकेज साधनाने आणलेल्या सायकोपीजी-२ या पोस्टग्रेसशी जोडणाऱ्या लायब्ररीच्या तयार बायनरीतली. हा दुसरा प्रकार अनेकांच्या लक्षातही येत नाही.

पॅकेज मॅनेजर निर्दोष आहे, असे मात्र मी म्हणणार नाही. १४ नोव्हेंबर २०२४ च्या अपडेटमध्ये एका अंतर्गत रचनेचा आकार बदलल्याने टाइमस्केलडीबीसारख्या, पोस्टग्रेसला जोडायच्या विस्तारांना अडचण आली आणि पोस्टग्रेस प्रकल्पाला आठवड्याभरातच, २१ नोव्हेंबरला, वेळापत्रकाबाहेरच्या आवृत्त्या काढाव्या लागल्या. ज्यांनी अपडेट आपोआप होऊ दिले, त्यांना याची झळ आधी लागली. शिवाय पॅकेजचे अपडेट सर्व्हर पुन्हा सुरू करते, त्यामुळे ते कामाच्या वेळेत होणार नाही, याची तजवीज हवी. आणखी एक बारकावा म्हणजे पोस्टग्रेस प्रकल्पाचे स्वतःचे अ‍ॅप्ट भांडार, म्हणजे पॅकेजांचा साठा, जोडून नुसते ‘पोस्टग्रेस्क्यूएल’ नावाचे पॅकेज बसवले, तर दरवर्षी नवी मुख्य आवृत्ती शेजारी येऊन बसते. आवृत्तीचा क्रमांक लावलेले पॅकेज मागवले, की हा प्रकार टळतो. डेबियन-उबुंटूच्या मूळ भांडारात एकच आवृत्ती असते, उबुंटू २२.०४ मध्ये १४, २४.०४ मध्ये १६ आणि डेबियन १२ मध्ये १५. ती पुरत असेल, तर प्रकल्पाचे भांडार जोडण्याचीही गरज नाही.

महाविद्यालयांबद्दल थोडेसे. प्रयोगशाळेतील विंडोजवर इन्स्टॉलर चालवून एसक्यूएल शिकवण्यात काहीच गैर नाही. पण ज्या विद्यार्थ्याला पुढे सर्व्हर सांभाळायचे आहेत, त्याने पॅकेज कुठून येते, त्याची सही कशी तपासली जाते, डेटा आणि कॉन्फिगरेशनच्या फाइल कुठे असतात, हे एकदा तरी टर्मिनलवर करून पाहायला हवे. प्रात्यक्षिकांच्या वहीत त्यासाठी एक पान सहज मावेल.

लिनक्सपुरता हा वाद इन्स्टॉलर पुरवणाऱ्या कंपनीनेच निकालात काढला आहे. ऑक्टोबर २०१८ मध्ये आलेल्या पोस्टग्रेस ११ पासून एंटरप्राइझडीबीने लिनक्ससाठी ग्राफिकल इन्स्टॉलर देणे थांबवले आणि सिस्टिमची पॅकेजे वापरावीत, असे सुचवले. म्हणजे आज लिनक्सवर ‘ऑप्ट’मध्ये असा इन्स्टॉलरने बसवलेला सर्व्हर चालू असेल, तर त्याची आवृत्ती फार तर १० असणार, आणि १० चा आधार नोव्हेंबर २०२२ मध्येच संपला. त्यानंतर सापडलेली एकही त्रुटी तिथे बुजवली गेलेली नाही.

असा सर्व्हर ज्यांच्याकडे आहे, त्यांनी तो जागच्या जागी बदलण्याच्या फंदात पडू नये. आधाराखालची नवी आवृत्ती पॅकेजमधून शेजारी बसवावी, डेबियन-उबुंटूवर ती ५४३३ पोर्टवर येईल. नव्या आवृत्तीतीलच पीजी-डंपऑल हे सगळे उतरवून (डंप करून) घेणारे साधन वापरून जुन्या सर्व्हरमधील डेटा आणि वापरकर्ते काढून घ्यावेत. डंपची साधने नव्या आवृत्तीची असली, तरी जुना सर्व्हर त्यांना वाचता येतो. डेटा नव्या ठिकाणी भरताना सगळे इंडेक्स, म्हणजे शोधसूच्या, नव्याने बांधले जातात, त्यामुळे ऑपरेटिंग सिस्टिम बदलल्यावर मजकुराच्या क्रमवारीत होणाऱ्या घोळातूनही सुटका होते. प्रवेशाचे नियम असलेली फाइल मात्र डंपमध्ये येत नाही, ती हाताने पाहून घ्यावी. सारे तपासल्यावर जुनी सेवा बंद करून नवीन सर्व्हर ५४३२ वर आणावा. इन्स्टॉलरसोबत आलेला अनइन्स्टॉल कार्यक्रम डेटा निर्देशिका पुसत नाही, आणि नव्या सर्व्हरचा बॅकअप एकदा परत भरून पाहिला जात नाही तोवर ती तशीच राहू द्यावी.

आपला विश्वासू,
एक डेटाबेस प्रशासक, नाशिक