फ्लाय सोडण्याआधी

प्रिय मनू,

परवा पोहण्याच्या निवड चाचणीहून परतीच्या वाटेवर मी "शेवटच्या पन्नासात ढेपाळलीस ना?" असं म्हणाले, ते चुकलंच माझं. ते तुला माझ्याआधी, पाण्यातच कळलं होतं. त्यानंतर तू घरापर्यंत तोंड उघडलं नाहीस, आणि दारात बॅग टाकून एवढंच म्हणालीस, "बटरफ्लाय सोडते. आता फक्त बॅकस्ट्रोक." मी गप्प बसले. समोरासमोर बोलायला गेले की माझं काहीतरी तिरकंच निघतं, म्हणून लिहितेय.

निवड दोघींची होती आणि तू तिसरी आलीस. तेही २०० मीटर बॅकस्ट्रोकमध्ये, तुझ्या हक्काच्या शर्यतीत. मी तुझी समजूत घालत नाही. पण तुझ्या टेबलासमोर जिचा फोटो लावलाय, त्या अमेरिकेच्या रेगन स्मिथबद्दल गेले दोन दिवस मी वाचत बसलेय. तिचं २०१९ साल तू मला इतक्यांदा ऐकवलंयस की मलाही पाठ झालंय. दक्षिण कोरियातल्या ग्वांगजूची जागतिक स्पर्धा, सतरा वर्षांची मुलगी, २०० बॅकच्या उपांत्य फेरीतच २ मिनिटं ३.३५ सेकंद, आणि मिसी फ्रँकलिनचा २०१२ च्या लंडन ऑलिम्पिकपासून टिकलेला २ मिनिटं ४.०६ सेकंदांचा विश्वविक्रम गेला. दोन दिवसांनी मेडले रिलेचा, म्हणजे चौघींनी चार वेगळ्या प्रकारांत पोहायच्या शर्यतीचा, पहिला टप्पा ५७.५७ सेकंदांत, म्हणजे शंभर मीटरचाही विक्रम. आणि शंभर मीटर बॅकची वैयक्तिक शर्यत तर ती त्या स्पर्धेत पोहलीच नव्हती! रिलेत पहिल्या पोहणारीचीच वेळ विक्रमासाठी धरतात, कारण ती एकटीच इशाऱ्यावर सुटते, बाकीच्या आधीच्या मैत्रिणीच्या टचवर झेपावतात. हे तूच मला समजावलं होतंस.

२०२१ साल मात्र तू मला कधी सांगितलं नाहीस. टोकियो ऑलिम्पिकसाठी अमेरिकेची निवड चाचणी ओमाहात झाली. २०० बॅकमध्ये रायन व्हाइट पहिली, फीबी बेकन दुसरी आणि रेगन तिसरी. देशातून एका शर्यतीला दोघीच जाऊ शकतात. विश्वविक्रम तेव्हाही रेगनच्याच नावावर होता, पण ऑलिम्पिकमध्ये ती शर्यत तिच्याविना झाली. हे वाचलं आणि मी फोन खाली ठेवला. तिच्या आईबाबांनी परतीच्या वाटेवर काय बोलायचं टाळलं असेल, तेच डोक्यात येत राहिलं.

टोकियोला ती गेलीच. १०० बॅकमध्ये कांस्य, रिलेत रौप्य, आणि २०० मीटर बटरफ्लायमध्ये चीनच्या झांग युफेईच्या मागे रौप्य. त्या ऑलिम्पिकमधलं तिचं सर्वांत मोठं वैयक्तिक पदक फ्लायचं आहे, मनू. फ्लायची जागा तिने ओमाहात त्याच चाचणीत मिळवली होती. आता तू म्हणशील, फ्लायनेच तिला दमवलं आणि बॅक हातची गेली. असेलही. मला पोहता येत नाही, त्यामुळे या वादात मी तुला हरवू शकत नाही.

पण एक गोष्ट मला वाचून पहिल्यांदाच नीट कळली. मी समजत होते, बॅक आणि फ्लाय म्हणजे दोन टोकं, एक उताणं तर एक पालथं. तसं नाही. दोन्हींची भिंतीपासूनची सुरुवात एकच आहे: हात ताणून, श्वास रोखून, पाण्याखाली डॉल्फिन किक, दोन्ही पाय जोडून माशाच्या शेपटीसारखी. १९८८ साली सेऊल ऑलिम्पिकमध्ये अमेरिकेच्या डेव्हिड बर्कॉफने शंभर मीटर बॅकच्या प्राथमिक फेरीत बराचसा पहिला लॅप पाण्याखालीच काढला आणि ५४.५१ चा विक्रम केला. अंतिम फेरीत त्याला जपानच्या दाइची सुझुकीने हरवलं, आणि सुझुकीही पाण्याखालीच लांब जाणारा! पुढे नियम आला, आधी १० मीटरचा, मग १५ मीटरचा. त्याच्या आत डोकं वर यायलाच हवं. फ्लायलाही आज तीच मर्यादा आहे. म्हणजे सर तुझ्याकडून फ्लायसाठी ज्या किक मारून घेतात, त्या बॅकच्या प्रत्येक टर्नला तुझ्याच खात्यात जमा होतात. फ्लाय सोडलीस तरी किक सुटणार नाही, सर सोडणारच नाहीत. सुटेल ती फक्त शर्यत.

आणि बर्कॉफचं पुढचं ऐक. २०२४ ला पॅरिस ऑलिम्पिकमध्ये शंभर मीटर बॅकचं कांस्य त्याच्या मुलीने, कॅथरिनने घेतलं. सुवर्ण ऑस्ट्रेलियाच्या केली मॅकिओनचं आणि मधे रौप्य घेऊन रेगन. (बर्कॉफसारखा बाप असता तर तुझं काय झालं असतं, असा दुष्ट विचार माझ्या मनात येऊन गेला. तुला मिळाली भिंतीआधी पाण्यावर टांगलेल्या झेंड्यांपासून स्ट्रोक मोजणारी आई.)

पॅरिसच्या आधी, जूनमध्ये, रेगनने ५७.१३ सेकंदांत शंभर मीटरचा विक्रम मॅकिओनकडून परत मिळवला होता. तरी ऑलिम्पिकमध्ये दोन्ही बॅक मॅकिओनच्या आणि २०० फ्लाय कॅनडाच्या समर मॅकिंटॉशची. तिन्हींत रेगन दुसरी. फ्लायची अंतिम फेरी आणि २०० बॅकची उपांत्य फेरी एकाच संध्याकाळी होती. दुसऱ्या दिवशी बॅकमध्ये २ मिनिटं ४.२६ सेकंद. तीन वर्षांपूर्वी ओमाहात २ मिनिटं ६ सेकंदांच्या पुढे गेलेली हीच ती. मग शेवटच्या दिवशी मेडले रिले. बॅक पाण्यातूनच सुटते म्हणून रिलेत तीच पहिली, आणि रेगनने ५७.२८ सेकंदांत सुरुवात करून दिली. लिली किंग, ग्रेचेन वॉल्श, टोरी हस्की यांनी ते पुढे नेलं, ३ मिनिटं ४९.६३ सेकंदांचा विश्वविक्रम आणि सुवर्ण.

मी तुला रेगन हो म्हणत नाहीये. तिच्या मधल्या वर्षांत किती दडपण होतं, ते तिने पुढे स्वतःच उघडपणे सांगितलंय. हरायचं नाही एवढ्याच भीतीने पोहायला लागलं की काय होतं, हे मी परवा तुझ्या चेहऱ्यावर पाहिलं, आणि ती भीती थोडी माझ्याकडून आली असावी अशी मला शंका आहे. शर्यतीच्या आधी टायमिंगचा विषय मीच काढते. नंतरही मीच.

म्हणून तू फ्लाय का सोडतेयस, तेवढंच मला सांग. दंड दुखतात म्हणून? शाळेनंतर दोन्ही सराव झेपत नाहीत म्हणून? तसं असेल तर सोड, सरांशी मी बोलते. पण परवा बॅकमध्ये तिसरी आलीस याचा राग तू फ्लायवर काढत असशील, तर चार दिवस थांब. बिचाऱ्या फ्लायने काय केलंय?

पुढच्या स्पर्धेचा अर्ज तुझ्या टेबलावर आहे. नाव, जन्मतारीख, बॅकच्या दोन्ही शर्यती मी भरल्यात. फ्लायपुढचा रकाना तसाच आहे. शुक्रवारपर्यंत द्यायचाय.

तुझी,
आई

ता. क. स्टॉपवॉच मी सरांना देऊन टाकलंय. यापुढे झेंड्यांपासून भिंतीपर्यंतचे तुझे स्ट्रोक तेवढे मोजेन. परवा तिसऱ्या टर्नला एक जास्त होता, पण ते तुला माहीत असेलच.