‘शेवटची गोळी किती वाजता?’ विचारणाऱ्या ताईंना

ताई,

स. न. वि. वि.

तपासणीचं रक्त घ्यायला सुई टोचणाऱ्याचे आभार सहसा कुणी मानत नाही. कापसाचा बोळा दाबून धरायचा, बाही खाली करायची आणि निघायचं. पण लिथियमची गोळी घेणारे आणि त्यांच्या घरचे अशा सगळ्यांच्या वतीनं हे पत्र लिहावंसं वाटलं, ते तुमच्या एका प्रश्नामुळे. दंडाला पट्टी बांधण्याआधी तुम्ही विचारता, ‘शेवटची गोळी किती वाजता घेतली?’ आणि उत्तर फॉर्मवर लिहिता, रक्त घेतल्याच्या वेळेशेजारी.

बायपोलर आजारात मन कधी उन्मादात चढतं, कधी डिप्रेशनमध्ये बुडतं. त्यातल्या उन्मादावर लिथियमचा उपयोग होतो, हे ऑस्ट्रेलियाच्या डॉ. जॉन केड यांनी १९४९ साली मांडलं. औषध जुनं आणि गुणाचं, पण त्याची वाट फार अरुंद. नेहमीच्या उपचारात रक्तातली पातळी साधारण ०.६ ते ०.८ मिलीमोल प्रति लिटर ठेवतात, काहींना १.० पर्यंत लागते. १.५ च्या वर गेली की विषबाधेची भीती. हे सगळे आकडे गोळीनंतर १२ तासांनी घेतलेल्या रक्ताचे आहेत, आणि घोळ नेमका इथेच होतो. सकाळी सातची गोळी घेऊन कुणी नऊला आलं तर आकडा चढलेला दिसतो आणि चांगला चाललेला डोस उगाच कमी होतो. उलट रात्री आठला गोळी घेऊन दुपारी बाराला रक्त दिलं तर १६ तास होतात, आकडा उतरलेला दिसतो आणि डोस वाढवला जातो. हे दुसरं जास्त घातक.

म्हणून दोन वेळा गोळी घेणाऱ्यांना तुम्ही आदल्या दिवशीच सांगता, की सकाळची गोळी खिशात घेऊन या, रक्त दिलं की इथेच घ्या. ‘उपाशी यायचं ना?’ असं विचारलं की म्हणता, फक्त लिथियमसाठी गरज नाही, आणि पाणी तर प्यायचंच. या गोळीनं तहान लागते, लघवीही जास्त होते. तपासणीच्या धास्तीनं रात्रभर पाणी तोडणारी माणसं असतात. लिथियम बाहेर पडतं ते मूत्रपिंडांतून. अंगातलं पाणी आणि मीठ कमी झालं की मूत्रपिंड मीठ धरून ठेवतं, त्याच्याबरोबर लिथियमही. जुलाब, उलट्या, ताप, एकदम मीठ बंद करणं, या सगळ्यांत पातळी वर जाते ती यामुळेच. अंगदुखीवरच्या आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक या गोळ्यांनीही ती चढते.

ट्यूबबद्दल तर वेगळे आभार. हिरव्या टोपणाच्या काही ट्यूबमध्ये रक्त गोठू नये म्हणून लिथियम हेपॅरिन असतं. म्हणजे ज्यानं ही गोळी जन्मात पाहिली नाही, त्याच्याही रक्तात लिथियम निघायचं! ट्यूब अर्धीच भरली तर चूक आणखी मोठी, कारण हेपॅरिन तेवढंच राहतं आणि रक्त कमी. तुम्ही ती ट्यूब बाजूला सारून साधी घेता. दोन सेकंदांचं काम, पण ते चुकलं तर रुग्णाला विषबाधा झाल्याचं समजून सगळ्यांची धावपळ.

डोस बदलल्याच्या दुसऱ्याच दिवशी येणाऱ्यालाही तुम्ही डॉक्टरांना फोन करून विचारायला लावता. पातळी स्थिरावायला पाचेक दिवस लागतात, त्याआधीचा आकडा कशाला धरायचा?

आता आजाराबद्दल, कारण तो तुमच्या टेबलापर्यंत येतोच. डिप्रेशनमध्ये अनेकांना सकाळ सगळ्यांत जड जाते. उठणं, तोंड धुणं, चपला घालणं, एकेक डोंगर. नऊची वेळ दोनदा हुकली तरी तुम्ही बोल लावत नाही. म्हणता, डॉक्टरांना विचारा, गोळी रात्री अकराला नेता येते का, म्हणजे सकाळी अकराला या. माणूस ओढण्यापेक्षा घड्याळ सरकवलेलं सोपं, हे शहाणपण कुठल्या फॉर्मवर छापलेलं नसतं.

आणि कधी प्रश्नाचं उत्तर येतं, ‘रात्री अडीचला.’ बोलणं भरभर, पाय जागेवर नाहीत, दहा मिनिटं बसवत नाही. तुम्ही अडीच लिहिता, दुपारी अडीचची वेळ देता आणि सोबतच्यांना हळूच विचारता, झोप किती दिवस कमी आहे? उन्माद चढताना बहुतेकदा झोप आधी आटते. पातळीचा आकडा चांगला आला तरी डॉक्टरांना ही गोष्ट कळायलाच हवी, आणि ती त्या फॉर्ममुळे कळते.

हाताची बारीक थरथर तुम्ही पाहता, पण घाबरवत नाही, या गोळीवर ती अनेकांना असते. थरथर मोठी असेल, चाल झोकांड्या खात असेल, जीभ जड असेल, उलट्या होत असतील, तर मात्र तुम्ही रिपोर्टची वाट पाहू देत नाही. पुढची गोळी न घेता थेट दवाखान्यात पाठवता.

पुढची पातळीची तपासणी तीन महिन्यांनी, या वेळी क्रिएटिनिन (मूत्रपिंडांसाठी), थायरॉइड आणि कॅल्शियमसुद्धा आहे. गोळी रात्री नऊला घेऊ, सकाळी नऊला येतो.

आपले,
लिथियम घेणारे आणि त्यांच्या घरचे